कलेजीवरची गाठ

नमस्कार, श्रोतेहो.

रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभे असताना टांगलेल्या बोकडाच्या मांडीवर तपासणीचा शिक्का आहे की नाही, हे आपल्यापैकी फार थोडे जण पाहतात. बहुतेकांची नजर काट्यावर असते. तो शिक्का उमटण्याआधी पशुवधगृहात काय घडते, त्याविषयी आज बोलायचे आहे.

मुंबईत हे काम 1971 पासून प्रामुख्याने देवनारला चालते. त्याआधी ते वांद्र्याला चालत असे. तपासणी दोनदा करायची असते. जनावर जिवंत असताना पशुवैद्यक त्याची चाल, श्वास, ताप आणि नाकातोंडातील स्राव पाहतात. काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय असलेले जनावर तर कापायचेच नसते, कारण ते उघडले की हवा लागून जंतूंचे चिवट बीजाणू तयार होतात आणि तेथील माती वर्षानुवर्षे धोक्याची राहते. केंद्राच्या 2001 च्या नियमांनुसार एका पशुवैद्यकाने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत, म्हणजे एका जनावराच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. गटारीच्या आदल्या दिवशी हा हिशेब कसा जमवायचा, हे आपणच मांडून पाहावे.

दुसरी तपासणी कापल्यानंतरची. पशुवैद्यक कलेजी आणि फुप्फुसे तळहाताने दाबून पाहतात, लसिकाग्रंथींना छेद देतात. एखाद्या कलेजीत बोटांना टणक, फुगीर गाठ लागते. चिरली तर आतून स्वच्छ पाणी येते आणि पांढरे, जाडसर अस्तर सुटून दिसते. हीच हायडॅटिड गाठ, म्हणजे पट्टकृमी या फितीसारख्या जंताच्या अळ्यांची पिशवी. गंमत अशी की ही कलेजी चुकून खाल्ली, तरी माणसाला त्यातून हा आजार होत नाही. मग ती बाद का करायची? कारण ती कुत्र्याने खाल्ली, तर त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून मातीत, पाण्यात आणि पालेभाजीवर जातात आणि तेथून माणसाच्या पोटात शिरून त्याच्याच यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ धरतात. जन्मात मटणाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो, तो या वाटेने.

म्हणूनच शिक्का मारण्याइतकेच, माझ्या मते त्याहूनही अधिक, महत्त्व बाद केलेल्या अवयवांच्या विल्हेवाटीला आहे. लहान गावांत नेमके येथेच ढिलाई होते. शिक्का चोख असतो, पण मागच्या भिंतीशी कुत्री बसलेली असतात आणि त्यांच्यापुढे टोपली रिकामी होते.

गावच्या जत्रेत किंवा कंदुरीला कापलेल्या बोकडाजवळ सहसा पशुवैद्यक नसतो. तेथे कलेजीत अशी गाठ आढळली, तर ती कुत्र्यापुढे टाकू नये. कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात ती पुरावी. ते जमण्यासारखे नसेल, तर निदान अर्धा तास खळखळ उकळल्याशिवाय घराबाहेर टाकू नये.