घोडा आपला, पागा त्यांची

(खान्देशातल्या एका महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक कबुली देतो. मी काही वर्षं जळगावात सायबर कॅफे चालवायचो. मागच्या खोलीत सहा कॉम्प्युटर फक्त गेमसाठी होते. तासाला वीस रुपये. शाळा बुडवून आलेल्या पोरांचेही मी घेतलेत. त्यातले दोघे-तिघे आज इथं बापाच्या भूमिकेत बसलेले दिसताहेत. तेव्हा गेमवाले पैसे उकळतात असं मी म्हणणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा, असं कुणाला वाटलं तर माझी तक्रार नाही.

पण माझ्या दुकानात भिंतीवर घड्याळ होतं. कोण किती वाजता बसला, किती वाजता उठला, सगळं वहीत. पोरगा भाडं देत होता आणि आपण भाडं देतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज गेम घेतल्यावरही आतल्या वस्तूंचे, वर्गणीचे पैसे पुन्हा पुन्हा लागतात आणि पोरं चिडतात. ही चिडचिड पैशांवरून कमी आणि असं उघड दिसणारं घड्याळ नाही यावरून जास्त आहे, असं माझं मत.

आता सारंगखेड्याला चला. दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो, तुम्ही पाहिलाय. तिथं घोडा घेतला की खोगीर वेगळं, लगाम वेगळा, गोंडे वेगळे. कुणी म्हणत नाही की बाबा, मला लुटलं. २००६ च्या एप्रिलमध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेमच्या कंपनीनं, बेथेस्डानं, नेमकं हेच केलं. गेममधल्या घोड्यासाठी चिलखत काढलं, किंमत अडीच डॉलर. तेव्हाचे शंभर-सव्वाशे रुपये. जगभर चेष्टा झाली. गेमचे पैसे दिलेत, आता घोड्याच्या झुलीचे पण? पण चेष्टा करता करता पुष्कळांनी ते घेतलंसुद्धा! हसू विरलं, दुकान राहिलं. तोच गेम २०२५ मध्ये नव्या रूपात आला, तेव्हा महागड्या आवृत्तीत घोड्याचं चिलखत पुन्हा होतंच.

मग सारंगखेड्यात राग का येत नाही? कारण पुढच्या वर्षी घोडा विकला तरी खोगीर माझ्या घरच्या खुंटीला असतं. गेममधलं चिलखत कुठल्या खुंटीला टांगणार? युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ चा. लोकांनी रोख मोजून घेतला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारे तिचे कॉम्प्युटर, बंद केले आणि एकट्यानं खेळायचीही सोय उरली नाही, कारण गेम सर्व्हरशी जोडल्याशिवाय सुरूच होत नव्हता. कपाटातली डिस्क म्हणजे नुसती चकती. यावरून रॉस स्कॉट या माणसानं मोहीम उभारली आणि तिच्या युरोपीय अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं तर कायदाच केला: विकताय ती मालकी नसून परवाना असेल, तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.

आपल्या पोरांना हे कायद्याच्या आधीच कळलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. तिच्यामागं कारण कंपनीचा हावरटपणा नव्हता, सरकारचा निर्णय होता. पण खाऊचे पैसे साठवून घेतलेले कपडे, बंदुकांचे रंग, सगळं टांगणीला लागलं. २०२१ मध्ये बीजीएमआय हा त्याचा भारतीय अवतार आला, ठरावीक मुदतीत जुनं खातं वळवून घ्यायची सोय झाली; ज्यांनी मुदत चुकवली त्यांचं गेलं. माझ्या ओळखीचा शिरपूरकडचा एक पोरगा अजून म्हणतो, “मना पैसा बी गया नि गेम बी गया.”

दुसरी गोष्ट हिशोबाची. शेतकऱ्याच्या हातात बाजार समितीची पट्टी येते. त्यात हमाली किती, तोलाई किती, हे रुपयांत लिहिलेलं असतं. आवडो न आवडो, भांडता तरी येतं. गेममध्ये रुपया दिसतच नाही. आधी यूसी घ्या, डायमंड घ्या, म्हणजे गेममधली नाणी. समजा वस्तू सत्तरची आहे आणि पुडी मिळते साठची, मग दोन पुड्या घ्या. उरलेले पन्नास पडून राहतात आणि पडलेले आहेत म्हणून पुन्हा दुकानात नेतात. किराणा दुकानदार सुट्ट्याऐवजी चॉकलेट देतो ना, तोच प्रकार, फक्त हे चॉकलेट खाताही येत नाही.

यापुढची पायरी म्हणजे बंद पेटी. पैसे द्या, आत काय निघेल ते नशीब. २०१७ मध्ये ईएच्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू’ या गेममध्ये पूर्ण किंमत देऊनही डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला सुमारे चाळीस तास घालवावे लागतील, असा हिशोब खेळाडूंनी मांडला. नाहीतर पेट्या होत्याच. बोंब इतकी उठली की विक्रीच्या आदल्या दिवशी कंपनीला गेममधली पैसे देऊन करायची खरेदी थांबवावी लागली. पुढच्या वर्षी बेल्जियमनं अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडच्या २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण डाव लावला जात नसेल तर वर्गणी घ्यायला मोकळीक ठेवली. मला हा फरक रास्त वाटतो. वर्गणी म्हणजे पाप नव्हे. सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात, आणि फुकट गेम खेळणाऱ्या बहुतेकांचा खर्च मूठभर पैसेवाले उचलतात.

मात्र प्लेस्टेशनचं, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या सोनीच्या यंत्राचं, मला अजून पटलेलं नाही. प्लेस्टेशन ३ वर मित्रांबरोबर ऑनलाइन खेळणं फुकट होतं. २०१३ मध्ये चौथं आलं आणि काही फुकट गेम सोडले तर त्यासाठी वर्गणी लागू झाली. यंत्र माझं, गेम माझा, इंटरनेटचं बिल मी भरतो, आणि शेजारच्या गल्लीतल्या मित्राशी खेळायला वेगळे पैसे. स्वतःच्या बांधावरून जायला टोल!

आणि ही वर्गणी सुटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी कळवावं लागतं. कळवतातही. तो मेसेज कर्जाच्या आणि साडीच्या सेलच्या मेसेजखाली गाडला जातो. पंधरा हजारांपर्यंत दरवेळी ओटीपीही लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं ॲप आणि वेबसाइटच्या फसव्या रचनेचे तेरा प्रकार जाहीर केले, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा आहे. घ्यायचं बटण ढोबळ्या मिरचीएवढं आणि सोडायचं मोहरीएवढं, तो हा. तक्रारीसाठी १९१५ नंबर आहे. मी स्वतः भाच्याच्या एका गेमचे अकरा महिने पैसे भरत होतो. भाचा दुसऱ्याच महिन्यात कंटाळला होता. सायबर कॅफेवाल्याची ही गत.

म्हणून आता सगळ्यांनी फोन काढा. यूपीआयचं ॲप उघडा, त्यात ऑटोपे शोधा, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या. चालू काय काय दिसतंय? हसू नका, बघा.

तिसऱ्या रांगेतले काका, काय झालं? मोठ्यानं बोला. “आरे, हाई काय शे भो?” किती रुपये? दर महिन्याला? आणि नातू पुण्याला गेला त्याला वर्ष झालं?

थांबा काका, दाबू नका काही. मी खाली येतो.