खोपोलीची वीज आणि भिवंडीचा माग

अध्यक्षमहाशय, पदाधिकारी आणि बंधुभगिनींनो,

ऊर्जेचा वापर आधी वाढतो की देशाचे उत्पन्न, हा अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. जॉन आणि आर्थर क्राफ्ट या अर्थशास्त्रज्ञांनी १९७८ साली अमेरिकेची १९४७ ते १९७४ची आकडेवारी तपासून सांगितले, की उत्पन्न वाढले म्हणून ऊर्जेचा खप वाढला, उलट नव्हे. म्हणजे ऊर्जेचा वापर कमी केला तरी उत्पन्नाला धक्का लागणार नाही, असा त्याचा अर्थ काढता येतो. श्रीमंत देशाचा हा निष्कर्ष विकसनशील देशांना जसाच्या तसा लावू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि ते गिरणगावात वाढल्यामुळे बनले आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, होते. मुंबईच्या गिरण्या पूर्वी वाफेवर चालत. १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले आणि लोणावळ्याच्या तलावांतले पाणी घाटाखाली उतरून मुंबईत कापड विणू लागले. १९८२च्या संपानंतर विणकामाचा मोठा भाग भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेला, पण मुंबईची अखंड वीज मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. भारनियमनाच्या त्या वर्षांत मी तिथे पाहिलेले सांगतो: वीज गेली की माग थांबतो तिथे कापडावर आडवी पट्टी उमटते, वीज आल्यावर कारागीर ताण्याचे धागे बोटांनी चाचपून तुटलेले सांधून घेतो, तरी निर्यातीच्या तपासणीत तेवढे कापड बाद होऊ शकते. जनरेटर लावावा तर डिझेलमुळे भाव चढतो, आणि परदेशातला ग्राहक त्या भावाला थांबत नाही.

ते डिझेल तरी येते कुठून? मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाला तेलाचे टँकर जहाज लागते, तिथून कच्चे तेल नळांनी माहूलच्या शुद्धीकरण कारखान्यांत जाते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते, त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात, आणि ते डॉलर निर्यातीनेच, म्हणजे काही अंशी याच कापडाने, मिळवायचे असतात. १९९१ साली, आखाती युद्धाच्या काळातल्या तेल महागाईने आधीच डळमळलेली गंगाजळी आटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले.

म्हणून अशा देशातल्या कारखानदाराला ऊर्जावापर सरसकट कमी करायला सांगणे मला अन्यायाचे वाटते. आधी त्याच्या मागाला न तुटणारी वीज मिळावी. मग जनरेटरचे डिझेल आपोआप वाचेल आणि त्याने कमावलेल्या डॉलरपैकी तेलाच्या बिलात थोडे कमी जातील.