साबुइन म्हणजे विहीणबाई

श्रोतेहो, नमस्कार.

'पॅरासाइट' हा कोरियन सिनेमा पाहिलेल्यांना तो प्रसंग आठवत असेल. बाहेर धो धो पाऊस, आणि मालकीणबाईंचा गाडीतून फोन येतो: आम्ही आठ मिनिटांत पोचतोय, नूडल्स करून ठेवा. पडद्याच्या तळाशी पदार्थाचं नाव येतं, 'रामडॉन'. मी हे नाव कोरियन पाककृतींत शोध शोध शोधलं. सापडणार कुठून? मूळ शब्द आहे 'चापागुरी'. दोन वेगळ्या कंपन्यांच्या नव्हे, दोन वेगळ्या चवींच्या नूडल्सची पाकिटं एकत्र शिजवायची, झाला चापागुरी. परदेशी प्रेक्षकाला हे दोन ओळींत कसं सांगणार? म्हणून सबटायटल करणाऱ्या डार्सी पॅकेट यांनी रामेन आणि उडॉन या नूडल्सच्या नावांची गाठ मारून नवाच शब्द घडवला. माझी त्याबद्दल तक्रार नाही. सबटायटलला थांबायला वेळ नसतो.

पण त्या 'रामडॉन'नंतर मला वाटायला लागलं, इतकी वर्षं आपण हे सिनेमे पाहतोय, त्यातलं आपल्याला कळतंय किती? मग मी कोरियन कथा-कादंबऱ्यांकडे वळले. कोरियन मला येत नाही, त्यामुळे वाचते ती इंग्रजी भाषांतरं. आणि गंमत अशी की इंग्रजी वाचता वाचता डोक्यात मराठी सुरू होतं.

एक उदाहरण सांगते. चो नाम-जू यांची 'किम जीयंग, बॉर्न 1982' ही कादंबरी 2016 साली आली. कोरियात तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, 2019 मध्ये सिनेमाही निघाला. नायिका तिशीतली, नोकरी सोडून लहान मुलीला सांभाळणारी. 'चुसोक' हा त्यांचा पानगळीतला मोठा सण. त्यासाठी ती सासरी बुसानला जाते. कोरियन सुनेचा सण म्हणजे दिवसभर स्वयंपाकघर. (हे वेगळं सांगायला नको, नाही का?) आणि सगळे बसलेले असताना ती अचानक दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात सासूला म्हणते, अहो, आमची जीयंग प्रत्येक सणानंतर आजारी पडते हो. ती स्वतःची आई होऊन बोलत असते!

घरातले गार पडतात, ते तिच्या तक्रारीपेक्षाही एका संबोधनामुळे. मूळ कोरियनमध्ये ती सासूला 'साबुइन' म्हणते. मुलीच्या आईने मुलाच्या आईला हाक मारायचा हा शब्द. या नात्याला इंग्रजीत रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही. हे पान मी आईला तोंडी मराठी करून ऐकवत होते आणि नेमकी तिथेच अडखळले. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग विहीणबाई म्हणाली असेल."

विहीणबाई! सून सासूला विहीणबाई म्हणते आहे. अंगावर काटा आला. भाषांतरकाराला जो प्रसंग वळसा घालून समजवावा लागतो, तो आपल्याकडे एका शब्दात उभा राहतो. त्याआधी नवऱ्यालाही तिने असंच सासूच्या तोऱ्यात जावई म्हणून हाक मारलेली असते, आणि बिचाऱ्याला आधी ती थट्टाच वाटते.

याच कादंबरीत तळटिपा आहेत. चक्क आकडेवारीच्या, पगारातल्या तफावतीच्या. सिनेमात त्या कुठे बसणार? सिनेमाने शेवटही बराच मवाळ केला आहे. पुस्तकाचा शेवट सांगत नाही, पण तो वाचून मी पुस्तक जरा जोरातच मिटलं.

'तू' आणि 'तुम्ही'चंही तसंच. कोरियन क्रियापदाचं शेपूट समोरच्याचं वय आणि मान पाहून बदलतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. कोरियन कादंबरीकार हान कांग यांच्या 'ह्यूमन अ‍ॅक्ट्स'चं पहिलं प्रकरण अख्खं या 'यू'ला उद्देशून आहे. हा 'यू' म्हणजे दोंग-हो, शाळेत जाणारा पोरगा. मूळ शीर्षकाचा अर्थच 'मुलगा येतोय' असा आहे. मी ते प्रकरण पहिल्या ओळीपासून 'तू' असंच ऐकलं.

काळ मे 1980, शहर ग्वांगजू. लष्करी राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि सैन्याने त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. सिनेमावाल्यांना हे शहर 'अ टॅक्सी ड्रायव्हर'मुळे माहीत आहे. त्यात टॅक्सीवाला झालेला साँग कांग-हो जर्मन पत्रकाराला सोलहून टॅक्सीने तिथे नेतो आणि बाहेर काढतो. उत्तम सिनेमा आहे, मी दोनदा रडले. पण टॅक्सी शेवटी शहराबाहेर निघते, आणि आपणही तिच्यासोबत सुटतो. दोंग-हो सुटत नाही. तो मृतदेहांची नोंद ठेवतो आणि वास झाकावा म्हणून त्यांच्या उशाशी मेणबत्त्या लावतो. शवपेट्यांवर राष्ट्रध्वज अंथरतात, राष्ट्रगीत म्हणतात, तेव्हा त्याला एवढंच कळत नाही: यांना मारलं सैन्याने, मग यांच्यासाठी राष्ट्रगीत का?

हान कांग यांना 2024 चं नोबेल मिळालं. त्याआधी 2016 मध्ये 'द व्हेजिटेरियन'साठी त्यांना आणि अनुवादक डेबोरा स्मिथ यांना मिळून आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं होतं. त्या अनुवादावर पुढे बरंच वादंग झालं. कोरियनमध्ये हात म्हणजे 'पाल' आणि पाय म्हणजे 'बाल'. भाषांतरात त्यांची अदलाबदल झाल्याचं जाणकारांनी दाखवून दिलं. चूक ती चूकच. तरी ते इंग्रजी पुस्तक नसतं, तर माझ्यासारखीच्या हाती ना हात लागला असता, ना पाय.

सध्या माझ्या उशाशी एक छोटी कादंबरी आहे, 1934 सालची. पाक ते-वॉन यांची. नायक कुबो हा सव्वीस वर्षांचा, बिननोकरीचा, बिनलग्नाचा लेखक. हातात काठी आणि वही घेऊन तो भर दुपारी घराबाहेर पडतो, जपानी अंमलाखालच्या सोलमध्ये भटकतो आणि रात्री दोनला परततो. घरी आई वाट पाहत असते. एवढंच कथानक. वाटेत त्याला सारखी धास्ती असते, आपले कान जातायत, आपले डोळे जातायत.

हे पाक म्हणजे 'पॅरासाइट'चे दिग्दर्शक बाँग जून-हो यांचे आजोबा, आईचे वडील. कोरियन युद्धात ते उत्तरेला गेले, कुटुंब दक्षिणेत राहिलं. उत्तरेला गेलेल्यांची पुस्तकं दक्षिणेत 1988 पर्यंत बंदच होती. तोवर नातू अठरा वर्षांचा झाला होता, आणि आजोबा दोनच वर्षांपूर्वी प्याँगयांगमध्ये वारले होते. शेवटी त्यांची दृष्टी खरोखरच गेली होती. पुढची मोठी कादंबरी त्यांनी तोंडी सांगितली, उत्तरेत केलेल्या दुसऱ्या बायकोने लिहून घेतली.

कुबो अजून घरी पोचलेला नाही. माझी तीस-एक पानं उरली आहेत. नमस्कार.