सिल्व्हर आपलं, मग गोल्ड कुणाचं?

नमस्कार मंडळी! 2012 ची लंडन पॅरालिम्पिक आठवतेय का? भारताला तिथे एकच मेडल मिळालं, कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गिरीशाचं उंच उडीतलं सिल्व्हर. पुढे त्याला पद्मश्री मिळाली, पेपरात फोटो आले, सगळं छान झालं, पण त्या दिवशी गोल्ड कुणी नेलं हे विचारलं तर आपण गप्प. मीपण गप्पच होतो, बरं का.

तो होता इलिएसा डेलाना, फिजीचा. फिजी म्हणजे पॅसिफिक महासागरातली तीनशेच्यावर बेटं, आणि माणसं सगळी मिळून साधारण नऊ लाख, म्हणजे आपलं सोलापूर शहर धरा. लहानपणी बसच्या अपघातात त्याचा एक पाय गेला.

आता बघा, लंगडी आपण सगळ्यांनी खेळलीये, दहा-बारा उड्यांत पोटरी भरून येते. हा गडी कृत्रिम पाय न लावता लंगडी घालतच रन-अप घ्यायचा आणि त्याच एका पायावर उसळी मारून बारपलीकडे जायचा. बार किती उंच, तर 1.74 मीटर, जवळजवळ पावणेसहा फूट! दारात पावणेसहा फुटी माणूस उभा करा आणि त्याच्या डोक्याकडे बघा, मग कळेल.

गंमत म्हणजे गिरीशाही 1.74, ब्राँझवाला पोलंडचा खेळाडूही 1.74. उंची तिघांची सारखीच, मग कुणाचे प्रयत्न कमी फसले ते मोजून नंबर लावले. म्हणजे आपलं गोल्ड सेंटीमीटरने नाही हुकलं, फाऊलच्या हिशोबात हुकलं, थोडं टोचतंच ते.

पण फिजीच्या बाजूने बघा ना. हा देश 1956 पासून ऑलिम्पिकला जातोय आणि 2012 पर्यंत हाताला साधं ब्राँझ नाही. रग्बी सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचं, गोल्ड आलं ते 2016 ला, रिओत. त्याच्या चार वर्षं आधी या एका पायाच्या माणसाने गोल्ड आणून ठेवलं होतं! आणि छोट्या बेटांना नुसती उडी मारून भागत नाही, खेळाडूचं अपंगत्व कुठल्या गटात बसतं हे अधिकृत तपासणीत ठरावं लागतं, त्यासाठी बऱ्याचदा समुद्र ओलांडून जायचं, तिकिटाचे पैसे जमवायचे, मग पुढचं.

घरी परतल्यावर काय झालं? 2014 ला डेलाना निवडून आला आणि युवक व क्रीडा खात्याचा असिस्टंट मिनिस्टर झाला. आणि त्याआधीच सरकारने त्याला पन्नास सेंटच्या नाण्यावर घेतलं. आपण ज्याचं नावसुद्धा विचारलं नाही, तो तिकडे भाजीवाल्याच्या गल्ल्यात खुळखुळतोय.