होर्वात: नाव आपलं, उच्चार शेजाऱ्यांचा

नमस्कार श्रोतेहो.

क्रोएशियन आडनावं आपल्या कानावर पडली ती फुटबॉलमुळे. मोद्रिच, राकितिच, पेरिशिच. सगळ्यांच्या शेवटी 'इच'. हा 'इच' म्हणजे अमक्याचा मुलगा, किंवा नुसतंच 'धाकला'. तिकडे लोहाराला 'कोवाच' म्हणतात. त्यावरून कोवाचिच आणि कोवाचेविच ही आडनावं झाली. 'बाबा' म्हणजे आजी किंवा सुईण, त्यावरून बाबिच. पण क्रोएशियात सगळ्यात जास्त माणसांचं जे आडनाव आहे, त्याला हे शेपूट नाही. ते आहे 'होर्वात'. आज त्याच्याबद्दल बोलू.

होर्वातचा अर्थ सरळ आहे: क्रोएशियन माणूस. आणि गोम तिथेच आहे. जिथे सगळेच क्रोएशियन, तिथे एकालाच 'क्रोएशियन' म्हणून हाक मारायचं कारण काय? कोकणात कुणी कुणाला कोकण्या म्हणत नाही. घाट चढून वर आलं, की मग म्हणतात. आपल्याकडची कोकणे, कानडे, गुजर, तेलंग ही आडनावं आठवून बघा. माणूस जिथून आला तिथलं नाव त्याला चिकटतं ते नव्या गावात, आणि चिकटवणारे असतात नवे शेजारी. तेव्हा होर्वात हे आडनाव कुठे दाट आहे ते आधी नकाशावर पाहायला हवं.

ते दाट आहे उत्तरेला: मुरा आणि द्रावा या नद्यांमधला मेजिमुर्ये प्रांत, वाराझ्दिनचा परिसर, आणि राजधानी झाग्रेब. मध्ययुगात या भागाला क्रोएशिया म्हणतच नसत. त्याचं नाव होतं स्लाव्होनिया आणि इथली माणसं स्वतःला 'स्लोवेनेत्स' म्हणवत. खरा क्रोएशिया तेव्हा दक्षिणेला होता, समुद्र आणि डोंगरांकडे. मग ऑटोमन तुर्कांच्या फौजा आल्या. १४९३ मध्ये क्रबावाच्या मैदानात क्रोएशियन सरदारांचा दारुण पराभव झाला, १५३७ मध्ये क्लिसचा किल्ला पडला, १५९२ मध्ये बिहाच हे शहर गेलं. शंभर वर्षांच्या या पळापळीत दक्षिणेची कुटुंबं गाठोडी बांधून उत्तरेला आली, काही तर पार आजच्या ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकियापर्यंत गेली. ब्रातिस्लाव्हाजवळच्या एका गावाचं नाव आजही 'खोर्वात्स्की ग्रोब', म्हणजे क्रोएशियनांचं ग्रोब. या आलेल्यांना जुने रहिवासी म्हणू लागले होर्वात. पुढे देशाचं नावही माणसांच्या मागोमाग उत्तरेला सरकलं आणि झाग्रेब क्रोएशियाची राजधानी झाली. आडनाव मात्र तसंच राहिलं.

आता उच्चार. क्रोएशियन माणूस स्वतःला 'हृवात' म्हणतो. 'हृदय'मधला हृ घ्या. त्यांच्या भाषेत आपल्या ऋसारखा, स्वराचं काम करणारा र अजून जिवंत आहे. 'कृक' नावाचं त्यांचं बेटच आहे. हंगेरियन जिभेला मात्र शब्दाच्या सुरुवातीची अशी दाटी झेपत नाही. आपल्याकडे कुणी 'इस्टेशन' म्हणतो ना, तसा तोही मध्ये एक स्वर सरकवतो. हृवातचा होर्वात झाला तो असा. उत्तर क्रोएशिया हंगेरीला लागून, राज्यही शतकानुशतकं एकाच मुकुटाखाली, त्यामुळे तिथल्या बोलीतही होर्वात हाच उच्चार रुळला. त्या बोलीचं नाव कायकावी, कारण 'काय?' या प्रश्नाला तिथेही 'काय'च म्हणतात. निव्वळ योगायोग आहे, पण वाराझ्दिनच्या बाजारात मराठी माणूस दचकेल एवढं नक्की.

हंगेरियनांनी सगळ्याच शेजाऱ्यांची आडनावं केली आहेत. नेमेत म्हणजे जर्मन, राट्स म्हणजे सर्ब, ओलाह म्हणजे रुमानियन, आणि होर्वात. हंगेरीत हे आडनाव पहिल्या काहींत मोडतं. स्लोव्हाकियात ते पहिलंच आहे, आणि तिथे व हंगेरीत रोमा, म्हणजे जिप्सी, समाजातल्या पुष्कळ घरांचंही तेच आहे. स्लोव्हेनियात ते दुसरं. तिथे पहिलं कोणतं? नोवाक, म्हणजे नवा आलेला! क्रोएशियात होर्वात वीस हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे दर दोनशे माणसांमागे साधारण एक. मात्र कोवाच, कोवाचिच आणि कोवाचेविच यांची बेरीज केली तर लोहारच पुढे जातात. पहिल्या नंबराचा फार बाऊ करू नये तो यासाठी.

एवढ्या पसरलेल्या नावावरून नातं जुळवायला जाणं ही हमखास होणारी चूक. दोन होर्वात एकमेकांचे कुणीही नसू शकतात, कारण हे नाव शेकडो गावांत वेगवेगळं पडलं. वंशावळ काढायची तर आडनाव बाजूला ठेवून आधी गाव आणि त्याचं चर्च, म्हणजे पॅरिश, निश्चित करावं लागतं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ मध्ये लग्नांच्या नोंदवह्या सक्तीच्या केल्या. उत्तर क्रोएशियात मात्र हाती लागणाऱ्या वह्या बऱ्याच ठिकाणी सतराव्या शतकापासूनच्याच आहेत. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू अशा तीन वह्या असतात. शोध लग्नापासून सुरू केलेला बरा, कारण तिथे वधू-वर दोघांच्याही घरांचा धागा मिळतो. घर क्रमांक दिला असेल तर तो आधी टिपून घ्यावा. एकाच गावात पाच इवान होर्वात निघाले, की त्यांना वेगळं करायला तोच उपयोगी पडतो.

मग भाषांचा घोळ. जुन्या नोंदी लॅटिन. मेजिमुर्ये १९१८ पर्यंत हंगेरीच्या कारभारात होतं आणि हंगेरीत १८९५ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली, तीही हंगेरियन भाषेत. त्यामुळे एकच माणूस चर्चच्या वहीत 'योआनेस', सरकारी कागदावर 'यानोश' आणि घरी 'इवान' असतो. हंगेरियनांत आडनाव आधी येतं, म्हणजे 'होर्वात यानोश'. ते माहीत नसलं तर होर्वात हेच पाळण्यातलं नाव वाटतं. स्पेलिंगही एक नाही. क्रोएशियन रूप टी वर थांबतं, हंगेरियन रूपात पुढे एच लागतो आणि मधल्या ए वर तिरकी रेघ येते. जुन्या वहीत एकच पाद्री एका पानावर एच लावतो, पुढच्या पानावर गाळतो. म्हणून एच आहे म्हणजे घराणं हंगेरियन, असं समजू नये. संगणकावर शोधताना दोन्ही रूपं टाकून पाहावीत.

क्रोएशियन मजकुरात आणखी एक चकवा आहे. होर्वातसारखं आडनाव पुरुषाचं असेल तर त्याला विभक्ती लागते, बाईचं असेल तर लागत नाही. 'इवानला पाहिलं' म्हणताना 'इवाना होर्वाता' होतं, पण आनाला पाहिलं तर 'आनु होर्वात'. आपण गोडबोल्यांना म्हणतो, पण गोडबोलेबाईंना म्हणताना गोडबोलेला हात लावत नाही, तसंच काहीसं. हे लक्षात आलं नाही तर 'होर्वाता' नावाचं भलतंच आडनाव यादीत शिरतं.

आणि तारखा. लॅटिन वहीत सातचा आकडा आणि त्याला जोडून 'ब्रिस' अशी खूण दिसते. नवखा माणूस तो सातवा महिना धरतो आणि जुलै लिहितो. पण ती 'सेप्तेम्ब्रिस'ची आखूड खूण आहे, म्हणजे सप्टेंबर. जुन्या रोमन वर्षाची सुरुवात मार्चपासून, त्यामुळे सप्टेंबर सातवा. आपल्याला हे अवघड जाऊ नये: सप्त, अष्ट, नव, दश. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि दहासाठी रोमन एक्स, म्हणजे डिसेंबर. हे चुकलं तर नोव्हेंबरमध्ये लग्न झालेल्या जोडप्याला पुढच्या सप्टेंबरऐवजी जुलैमध्येच, म्हणजे नऊ महिने भरायच्या आतच मूल झालेलं दिसतं, आणि शोधणारा नसलेलं लफडं कुटुंबाच्या माथी मारून मोकळा होतो.