खुमजुंगची शाळा

नमस्कार, श्रोतेहो.

एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत चालत जाऊन आलेली माणसं आता पुण्या-मुंबईतच काय, सांगली-नाशिकलाही भेटतात. लुक्लाच्या त्या आखूड, उतरत्या धावपट्टीवर विमान टेकताना पोटात कसा गोळा येतो, हे ती रंगवून सांगतात. पण ही धावपट्टी मुळात गिर्यारोहकांसाठी केलेली नाही. १९६४ साली ती केली, ती डोंगरातल्या शाळांना आणि दवाखान्याला लागणारं सामान पोचावं म्हणून. करवून घेणारे होते एडमंड हिलरी.

तेनझिंग नोर्गे आणि हिलरी २९ मे १९५३ रोजी शिखरावर पोचले, हे आपण शाळेत पाठ केलं. त्यानंतर हिलरींनी काय केलं ते फारसं कुणी सांगत नाही. मला मात्र त्यांचं मोठेपण तिथेच दिसतं.

हिलरी पुन्हा पुन्हा त्या भागात जात राहिले. शेर्पांच्या घरी, चुलीपाशी बसले. ज्यांच्या पाठीवर आपली ओझी जातात, त्यांच्या मुलांना अक्षरओळख नाही आणि साध्या आजारालाही औषध नाही, हे त्यांनी पाहिलं. पाहतात पुष्कळ जण. हिलरींनी विचारलं. १९६०-६१ च्या मोहिमेत उर्कियेन नावाच्या शेर्पाला त्यांनी विचारलं, तुमच्यासाठी काय करू? उत्तर मिळालं, गावात शाळा हवी. १९६१ मध्ये खुमजुंगला, जवळपास ३,८०० मीटर उंचीवर, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची शाळा उभी राहिली. शिकवायला दार्जिलिंगहून शेर्पा मास्तर आणले. मग शेजारची गावंही आमच्याकडेही शाळा काढा म्हणत पुढे आली. कालांतराने पंचवीसहून जास्त शाळा झाल्या.

लुक्लाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. उतारावरची शेतं विकत घेतली, दगड-झाडोरा हातांनी काढला, तरी जमीन भुसभुशीतच. रोलर कुठून आणणार? मग शेर्पा हातात हात गुंफून रांगेने उभे राहिले आणि पायांचा ठेका धरून नाचले. नाचून नाचून जमीन घट्ट बसवली.

१९६६ मध्ये खुंदे गावात दवाखाना सुरू झाला. तिथल्या अन्नपाण्यात आयोडीन फारच कमी, त्यामुळे घरोघर गलगंड, आणि कितीतरी मुलं जन्मतःच मुकी-बहिरी, मतिमंद. डॉक्टरांनी आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शनं द्यायला घेतली आणि हे दुखणं हटत गेलं.

आपल्याकडे किल्ल्यांच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये रविवारी वह्या, बिस्किटं, जुने कपडे वाटणारे गट दिसतात. त्यांच्या मनातली कळकळ खरी असते. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे की वाटण्याआधी तिथल्या बायकांना विचारा. कदाचित त्यांना उन्हाळ्यात पाण्याची सोय हवी असेल, रात्री-अपरात्री बाळंतिणीला न्यायला गाडी हवी असेल. आणि पुढच्या महिन्यात नवा किल्ला न धरता त्याच वाडीत परत जा.

परत जाण्याचीही किंमत असते. लुक्लाला विमानं उतरू लागली तसे पर्यटक वाढले, सरपणासाठी जंगल तुटू लागलं. आपल्याच कामातून हे झालं हे हिलरींनी ओळखलं, रोपवाटिकांना आणि सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाला हातभार लावला. त्या उद्यानाचे पहिले शेर्पा वॉर्डन मिंगमा नोर्बू हे खुमजुंगच्याच शाळेचे विद्यार्थी. मार्च १९७५ मध्ये मात्र आभाळच कोसळलं. हिलरी फाफलूला दवाखाना बांधत होते. त्यांना भेटायला निघालेल्या पत्नी लुईझ आणि सोळा वर्षांची मुलगी बेलिंडा यांचं विमान काठमांडूहून उडाल्या उडाल्या पडलं. दोघीही गेल्या. तरीही फाफलूचा दवाखाना पुरा झाला, आणि २००८ मध्ये निधन होईपर्यंत हिलरींनी हे काम सोडलं नाही.

खुंदेच्या दवाखान्यात पूर्वी न्यूझीलंडहून, कॅनडाहून डॉक्टर येत. खुमजुंगच्या शाळेत शिकलेला कामी तेंबा शेर्पा तिथे आधी आरोग्यसेवक म्हणून लागला, मग फिजीला जाऊन डॉक्टर झाला आणि त्याच दवाखान्याची जबाबदारी घ्यायला परत आला.

नमस्कार.