ज्याच्याकडे आहे, त्याला विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

नवी गाडी घ्यायची ठरली की आपली पावलं शोरूमकडे नंतर वळतात, आधी वळतात शेजारच्या काकांकडे. "काका, अ‍ॅव्हरेज किती देते हो? घाटात कशी चढते? पार्ट सहज मिळतात का?" काका काय सांगतात त्यावर अर्धा निर्णय तिथेच होतो. कारण काकांना गाडी विकायची नसते. ते ती रोज चालवतात आणि तिचे हप्ते भरतात.

अमेरिकेतल्या एका मोटार कंपनीने हे फार लवकर ओळखलं. पन्नासहून अधिक वर्षं ती आपल्या जाहिरातींत एक वाक्य छापत राहिली: 'ज्याच्याकडे आहे, त्याला विचारा.' कंपनीचं नाव पॅकार्ड. तिची शेवटची गाडी १९५८ साली तयार झाली. मी जन्मभर पुण्यात मोटारींच्या कारखान्यात नोकरी केली. त्यातली तीन वर्षं कामासाठी डेट्रॉइटजवळ राहिलो, आणि तिथे या बंद पडलेल्या कंपनीचा मला असा लळा लागला की आज तुमच्याशी तिच्याबद्दलच बोलायचं ठरवलं.

गोष्ट सुरू होते ती एका तक्रारीपासून. ओहायो राज्यात वॉरन नावाचं गाव आहे. तिथे जेम्स वॉर्ड पॅकार्ड आणि त्यांचे थोरले भाऊ विल्यम यांचा विजेचे दिवे आणि विजेचं सामान बनवण्याचा धंदा होता. जेम्स शिकलेले इंजिनिअर. १८९८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी क्लीव्हलँडच्या अलेक्झांडर विंटन यांच्याकडून एक मोटार विकत घेतली. घरी आणताना ती वाटेतच बंद पडली आणि शेवटी घोडे जुंपून ओढत आणावी लागली, असं सांगतात. नंतरही दुरुस्त्या संपेनात. जेम्स विंटनकडे गेले आणि काय काय सुधारता येईल ते सांगू लागले. विंटन वैतागले. एवढं कळतंय तर स्वतःच का नाही बनवत, असं त्यांनी सुनावलं.

तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक आम्हा कारखान्यातल्या माणसांना नकोसं होतं, हे मी अनुभवाने सांगतो. पण हे गिऱ्हाईक घरी जाऊन खरंच कामाला लागलं. विंटनकडचीच दोन माणसं त्यांना येऊन मिळाली, आणि ६ नोव्हेंबर १८९९ या दिवशी वॉरनच्या रस्त्यावर पहिली पॅकार्ड धावली. एका सिलिंडरची, उघडी, घोडागाडीसारखी दिसणारी. जेम्स ज्या लीहाय विद्यापीठात शिकले, तिथे ती आजही जपून ठेवलेली आहे.

त्या वाक्याचा जन्मही असाच साधा. कुणीतरी पत्र पाठवून गाडीची माहिती मागवली होती. छापील माहितीपत्रक तर नव्हतंच. जेम्सनी सांगितलं, त्यांना कळवा की ज्याच्याकडे गाडी आहे त्याला विचारा. १९०१ मध्ये तेच जाहिरातीत छापलं गेलं. जरा विचार करा, केवढी जोखीम आहे ही! कंपनीने आपली सगळी अब्रू गिऱ्हाइकाच्या जिभेवर ठेवली. गाडीत खोट असेल तर जाहिरातीवर केलेला खर्च उलट अंगावर येणार.

पण गाडी चांगली होती. डेट्रॉइटचे श्रीमंत गृहस्थ हेन्री जॉय यांनी एक पॅकार्ड घेतली, ती आवडली म्हणून कंपनीत पैसे घातले, आणि १९०३ मध्ये अख्खी कंपनीच वॉरनहून डेट्रॉइटला नेली. म्हणजे इथेही आधी मालक आणि मग भागीदार. त्याच वर्षी टॉम फेच नावाच्या चालकाने एका सिलिंडरची पॅकार्ड सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला नेली. रस्ते जवळजवळ नव्हतेच. वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून जाड कापडाच्या लांब पट्ट्या बरोबर घेतल्या होत्या. त्या अंथरायच्या, गाडी पुढे घ्यायची, मागच्या उचलून पुन्हा पुढे टाकायच्या. दोन महिने लागले. त्याच उन्हाळ्यात पॅकार्डच्या आधी अमेरिका ओलांडणारी पहिली मोटार मात्र विंटनची होती, हेही सांगितलंच पाहिजे.

पुढची पंचवीस-तीस वर्षं भरभराटीची. ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर अल्बर्ट कान या वास्तुशिल्पीने कंपनीला कारखाना बांधून दिला. त्यातली १९०५ ची १० नंबरची इमारत सळई-काँक्रीटची होती. खांब कमी, खिडक्या मोठ्या, आत भरपूर उजेड. कारखाने असे बांधायचे हे पुढे सगळ्या डेट्रॉइटने तिथून उचललं. १९१५ मध्ये बारा सिलिंडरची ट्विन सिक्स आली. १९२१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग शपथविधीला गेले ते पॅकार्डमधून, मोटारीने शपथविधीला जाणारे ते पहिले अध्यक्ष. १९२० च्या दशकात महागड्या गाड्यांत पॅकार्ड कॅडिलॅकपेक्षा जास्त खपत होती. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या गॅरेजमध्येही पॅकार्ड उभ्या असत.

मग मंदी आली. वर्षाला चाळीस हजारांवर गाड्या विकणारी कंपनी काही हजारांवर घसरली. तेव्हा १९३५ मध्ये पॅकार्डने वन ट्वेंटी नावाचं मॉडेल काढलं. आठ सिलिंडर एका ओळीत, आणि किंमत सुरू होत होती १००० डॉलरच्या आतून. डॉक्टर, वकील, दुकानदार यांना आयुष्यात पहिल्यांदा पॅकार्ड परवडू लागली. पहिल्याच वर्षी सुमारे २५,००० गाड्या गेल्या. कंपनी वाचली.

इथे गाडीमालकांची मतं दुभंगली, आणि तो वाद पॅकार्डप्रेमींमध्ये आजही चालू आहे. एका बाजूचे म्हणतात, वन ट्वेंटीने नाव बाटवलं. पॅकार्ड म्हणजे बँकेच्या मालकाची गाडी, ती कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या दारात दिसू लागली तर बँकवाला कॅडिलॅककडे जाणारच. दुसरे म्हणतात, वन ट्वेंटी नसती तर १९३६ ला टाळं लागलं असतं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. तो औषधवाला काही कमी दर्जाचा मालक नव्हता. उलट त्याने ती गाडी दहा-पंधरा वर्षं वापरली, तिला पुसलं, जपलं. आज मेळाव्यांत ज्या वन ट्वेंटी दिसतात त्या अशाच माणसांमुळे टिकल्या.

आता युद्धाबद्दल, कारण इंजिनिअर म्हणून माझा जीव सर्वात जास्त तिथे अडकला आहे. १९४० मध्ये ब्रिटनला रोल्स-रॉइसची मर्लिन विमान-इंजिनं अमेरिकेत बनवून हवी होती. फोर्डने नकार दिला. काम पॅकार्डकडे आलं. आपल्याकडे आयटीआयच्या पोरांना ड्रॉइंग शिकवताना पहिला घोळ होतो तो फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगलचा. एका पद्धतीत वरून दिसणारा आकार कागदावर खाली काढतात, दुसऱ्या पद्धतीत वर. ब्रिटिश ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये, अमेरिकन कामगार थर्ड अँगल वाचणारे. म्हणजे सगळी ड्रॉइंग नव्याने काढणं आलं. शिवाय नटबोल्टचे आटे ब्रिटिश मापाचे. ते बदलले तर इंग्लंडमधला मिस्त्री अमेरिकन इंजिन उघडूच शकणार नाही. म्हणून पॅकार्डने हट्टाने ब्रिटिश आटेच ठेवले आणि ते पाडायची हत्यारं स्वतः बनवली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये पहिलं इंजिन चालू झालं. युद्ध संपेपर्यंत ५५,००० हून जास्त मर्लिन पॅकार्डने बनवली. मस्टँग आणि लँकेस्टर ही विमानं त्यांवर उडाली. ज्याच्या हातात पाना येणार आहे त्याचा विचार आधी करायचा, हे त्या आट्यांत मला दिसतं, आणि म्हणून त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

युद्धानंतर मात्र घसरण लागली. १९४८ च्या गुबगुबीत मॉडेलला लोकांनी 'गाभण हत्ती' म्हणायला सुरुवात केली. मालकानेच नाव ठेवलं की ते पुसता येत नाही. १९५२ मध्ये जेम्स नान्स अध्यक्ष झाले, आणि पुढच्याच वर्षी दुसरा घाव बसला. पॅकार्डच्या बॉड्या ब्रिग्ज नावाची कंपनी करायची. ती क्रायस्लरने विकत घेतली. पॅकार्डला बॉडीसाठी कॉनर अव्हेन्यूवरची जागा भाड्याने घ्यावी लागली, आणि तिथे, त्या अपुऱ्या जागेत, अख्खी गाडी जोडायची असं ठरलं. १९५४ मध्ये स्टुडबेकर कंपनीशी विलीनीकरण झालं. ती स्वतःच तोट्यात होती.

अशा अवस्थेत १९५५ ची गाडी आली, आणि ती कल्पनेने विलक्षण होती. नव्या व्ही-एट इंजिनाइतकंच लक्ष वेधलं ते सस्पेन्शनने. पुढच्या चाकापासून त्याच बाजूच्या मागच्या चाकापर्यंत एक लांब पोलादी दांडा. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की दांडा पिळला जातो आणि तोच पीळ मागच्या चाकाकडे पोचतो, त्यामुळे गाडी नाक वर न करता पाठीसकट सपाट उचलली जाते. मागे सामान भरलं तर एक विजेची मोटर काही सेकंद थांबून गाडी आपोआप समपातळीवर आणायची. आपल्या पावसाळ्यातल्या रस्त्यांवर अशी गाडी चालवली असती तर काय वाटलं असतं, हा विचार माझ्या मनात कितीदा येऊन गेला आहे.

पण कॉनर अव्हेन्यूच्या गर्दीत जोडलेल्या त्या गाड्या नीट जुळलेल्याच नव्हत्या. पाणी गळायचं, वायरिंग दगा द्यायचं, नव्या गिअरबॉक्सच्या तक्रारी येत राहिल्या. वितरक सोडून जाऊ लागले. १९५६ मध्ये विक्री जवळपास निम्म्यावर आली. जाहिरात सांगत होती, ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. लोकांनी विचारलं, आणि मालकाने खरं ते सांगितलं. २५ जून १९५६ ला डेट्रॉइटमधली शेवटची पॅकार्ड बाहेर पडली. नंतर दोन वर्षं साउथ बेंडच्या कारखान्यात स्टुडबेकरच्याच सांगाड्यावर पॅकार्डचं नाव लावून गाड्या काढल्या. मालक त्यांना 'पॅकार्डबेकर' म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे.

डेट्रॉइट परिसरात मराठी माणसं खूप आहेत, बहुतेक आमच्याच मोटारधंद्यातली. एका रविवारी अशाच एका मित्राबरोबर मी ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर तो कारखाना बघायला गेलो. खिडक्यांना काच उरली नव्हती. रस्त्यावरून जाणारा, दोन इमारती जोडणारा पूल तेव्हा अजून उभा होता. छतावर झाडं वाढली होती, पण अल्बर्ट कानचे खांब सरळ. नंतर २०१९ मध्ये तो पूल कोसळला, २०२२ मध्ये कारखाना पाडायला सुरुवात झाली.

कारखाना बघितला त्याच वर्षी उन्हाळ्यात डेट्रॉइटजवळच्या शेल्बी टाउनशिपला गेलो. तिथे पॅकार्डचं जुनं चाचणी मैदान आहे, १९२८ सालचं, आणि मालक अजूनही आपल्या गाड्या घेऊन तिथे जमतात. एक वयस्कर गृहस्थ गडद हिरव्या वन ट्वेंटीजवळ घडीच्या खुर्चीवर बसले होते. चाकाच्या मध्यावर पॅकार्डचा तो लाल षटकोन, ताजा रंगवलेला. मी त्यांना तोच प्रश्न विचारला: कशी आहे गाडी?

ते काही न बोलता उठले, इंजिन चालू केलं, बॉनेट उघडलं आणि खिशातून पाच सेंटचं नाणं काढून सिलिंडरच्या सपाट डोक्यावर कडेवर उभं केलं. नाणं हललं नाही. मी कान जवळ नेला तर फक्त पंख्याचा आवाज. मग त्यांनी मला दार लावायला सांगितलं, आपटायचं नाही म्हणून बजावलं. मी बोटाने ढकललं आणि ते जड कपाट मिटावं तसं मिटलं.

मी कौतुक करू लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि बोटं मोजत उरलेलं सांगितलं. पेट्रोल फार पिते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायला दोन्ही खांदे लावावे लागतात. आणि वायपर इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालतात, त्यामुळे पावसात चढ आला आणि पाय दाबला की नेमके तेव्हाच ते मंदावतात, मग काच दिसावी म्हणून पाय सोडावा लागतो आणि गाडी मंदावते. हे सांगून झाल्यावर त्यांनी नाणं उचलून खिशात टाकलं, बॉनेट मिटलं आणि माझ्यासाठी पुढचं दार उघडून धरलं.